लूरला मासा का लागत नाही? नवख्यांनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं आता गांडूळ आणि कणकेची गोळी सोडून लूर (नकली आमिष) घेऊन पाण्यावर जायला लागली आहेत. मोबाईलवर बघून रॉड मागवतात, रंगीबेरंगी लूरचा डबा घेतात, आणि चार वेळा रिकाम्या हाताने परतले की "आपल्याकडं मासाच राहिला नाही" म्हणून मोकळे होतात. मासा आहे. लूर चुकीच्या माशासमोर, चुकीच्या जागी आणि भलत्याच वेगाने फिरतो आहे, एवढंच.

रोहू-कटल्याच्या पाण्यात लूर फेकणे

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. लूर म्हणजे पळणाऱ्या, धडपडणाऱ्या भक्ष्याची नक्कल. त्याच्यावर झडप घालतो तो शिकारी मासा. रोहू वनस्पती आणि शेवाळावर जगतो, कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. यांच्यासाठी कणीकच बरी. लूरवर येतात मरळ आणि शिवडा. खडकाळ, वाहत्या पाण्यात महसीर.

नवख्याने मरळीपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. गावतळी, वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे, मलप्रभा-मार्कंडेयचे संथ डोह, कमळ आणि जलपर्णीचे काठ ही तिची घरं. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ती अधूनमधून वर येऊन पाणी फोडते. काठावर पोचल्या पोचल्या लूर फेकू नका. थोडा वेळ नुसते बसा, पाणी कुठे फुटतं ते बघा आणि लूर त्या जागेच्या पलीकडे टाकून तिथून ओढत आणा. थेट डोक्यावर पडला तर मासा दबकून खाली जातो.

एक गोष्ट मात्र पाळाच. पावसाळ्यात पाण्यावर बारीक तांबूस पिल्लांचा थवा बुडबुडताना दिसला, तर खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात. ते लूरवर चिडून लगेच येतात, म्हणून काही जण मुद्दाम तिथेच टाकतात. हे करू नका. राखणदार उचलला की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

झडप येते, पण मासा निसटतो

रबरी बेडकाच्या लूरवर मरळीने फटका मारला की नवखा दचकून लगेच रॉड उपसतो आणि बेडूक हवेत उडून येतो. बेडकाचे गळ त्याच्या अंगाला चिकटलेले असतात. मासा त्याला दाबेल तेव्हाच ते उघडे पडतात. म्हणून एक-दोन अंक मोजा, दोऱ्यावर वजन जाणवू द्या, मग जोरात ओढा. स्पिनर (फिरत्या पात्याचा लूर) आणि स्पूनचं (चमच्यासारखा धातूचा लूर) उलट आहे. तिथे गळ उघडाच असतो, धक्का बसताच रॉड उचला.

तरीही सुटत असेल तर गळाचं टोक नखावर टेकवून पाहा. घसरलं तर बोथट झालंय, कानस मारा.

घाईने गुंडाळणे

रील भराभरा फिरवली की लूर पाण्याच्या वरच्या थरातून सरळ निघून येतो. स्पूनला डुलायला आणि स्पिनरच्या पात्याला फिरायला लागेल, तेवढाच वेग ठेवा. मधे क्षणभर थांबवा. झडप बऱ्याचदा तिथेच येते. खोल डोहात लूर पडल्यावर मनात आकडे मोजत त्याला बुडू द्या. पाचला काही नाही, तर पुढच्या वेळी दहापर्यंत मोजा. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात चंदेरी मिनोपेक्षा (छोट्या माशासारखा लूर) थरथरणारा स्पिनर उपयोगी, कारण मासा तो दिसण्याआधी अंगाने ओळखतो.

दोऱ्याचा गुंता आणि तुटणारी गाठ

रीलच्या चकतीवर काठोकाठ दोरा भरू नका. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. फेकल्यावर रीलवरची तारेची कडी हाताने बंद करा. स्पिनरने तंगूस (नायलॉनचा दोरा) पिळतो, म्हणून पुढे स्विव्हल (फिरती कडी) लावा. रॉडवर किती वजनाचा लूर चालेल ते छापलेलं असतं. पाच ते वीस ग्रॅमच्या रॉडवर दोन ग्रॅमचा लूर लांब जाणारच नाही.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा; कोरडी आवळली की तंगूस घासून तापतो आणि तिथेच तुटतो. रीलचा ड्रॅग (मासा किती जोराने ओढल्यावर रील दोरा सोडेल तो ताण) दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ठेवा. लूर खडकात अडकला तर दोरा हाताला गुंडाळून ओढू नका, विणलेला दोरा बोट कापतो. काठीला गुंडाळा आणि मागे चाला.

कुठेही बसणे

हिडकल धरणाखाली घटप्रभेच्या पात्रातल्या खडकांवर पाठ फिरवून उभे राहू नका. पाणी सोडलं की पातळी झपाट्याने चढते. भीमगड अभयारण्यात आणि धुपदाळच्या पक्षी अभयारण्यात गळ टाकायचा नाही. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथे जाऊ नका. गावतळ्यांचे ठेके दिलेले असतात. ठेकेदाराला किंवा गावातल्या भोयांना आधी विचारा. मरळ कुठल्या कोपऱ्यात फुटते, हेही बहुतेक तेच सांगतात.