इंग्रजीच्या तासाला वर्गाचा ब्लॉग: आठवी-नववीच्या शिक्षकांसाठी

मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी शिकवले जाते. तरीही नववीतल्या मुलाने लिहिलेला इंग्रजी परिच्छेद बहुधा एकच माणूस वाचतो, तो म्हणजे तपासणारा शिक्षक. लेखनाला आणखी वाचक मिळावेत आणि त्या निमित्ताने मुलांनी ते पुन्हा लिहावे, यासाठी वर्गाचा ब्लॉग काढायचा असतो. वहीतला निबंध जसाच्या तसा टंकून चढवायचा असेल, तर हा खटाटोप न केलेला बरा.

प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र ब्लॉग काढण्याचा मोह टाळावा. एका वर्गाला एक ब्लॉग पुरतो. गूगलची ‘ब्लॉगर’ ही सेवा मोफत आहे. तिच्यासाठी शाळेच्या कामापुरते एक गूगल खाते उघडावे आणि पासवर्ड शिक्षकांकडेच ठेवावा. मुलांनी मजकूर संगणक कक्षात साध्या फाइलमध्ये टंकावा आणि शिक्षकांनी तो प्रसिद्ध करावा, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या खात्यांचा प्रश्नच येत नाही. सेटिंग्जमध्ये वाचकांची मर्यादा घालता येते. सुरुवातीचे काही आठवडे ती घालावी. ‘कॉमेंट मॉडरेशन’ मात्र कायम चालू ठेवावे, म्हणजे शिक्षकांनी पाहिल्याशिवाय एकही प्रतिक्रिया दिसणार नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. म्हणून पालकांची लेखी संमती आधी घ्यावी, आणि आडनाव, छायाचित्र, घरचा पत्ता व फोन क्रमांक ब्लॉगवर येऊच देऊ नये.

सर्वाधिक विचार विषयांवर करावा. ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ या विषयावरचे तयार निबंध इंटरनेटवर हवे तितके मिळतात आणि मुले ते उतरवून काढतात, यात त्यांचा फारसा दोष नाही. याउलट गावच्या आठवडी बाजारात सकाळी कोण कोठे बसते, घरी थालीपीठ कसे लावतात, शाळेसमोरची एसटी उशिरा आली की काय होते, या गोष्टी कोठूनही उतरवता येत नाहीत. थालीपीठाच्या कृतीत आज्ञार्थी क्रियापदांचा सराव होतो, बाजाराच्या वर्णनात साध्या वर्तमानकाळाचा, तर एसटीची हकिकत भूतकाळाशिवाय सांगताच येत नाही. त्यामुळे व्याकरणाचा घटक आधी ठरवावा आणि त्याला साजेसा विषय मागाहून शोधावा.

पहिला खर्डा वर्गातच, हाताने, चौघांच्या गटात लिहून घ्यावा. घरी लिहायला दिला, तर मराठी मजकूर गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकून आलेले इंग्रजी हाती पडण्याची शक्यता मोठी असते. खर्ड्यातल्या सगळ्या चुका एकदम दुरुस्त करू नयेत. एका वेळी दोनच प्रकार निवडावेत, उदाहरणार्थ गाळलेली ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे आणि क्रियापदाचा काळ; चूक असलेल्या ओळीच्या समासात फक्त खूण करावी आणि दुरुस्ती गटाला शोधू द्यावी. ‘डिस्कस अबाउट’ की नुसते ‘डिस्कस’, ‘मॅरीड विथ’ की ‘मॅरीड टू’, अशा शंका आल्यास तो शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधायला शिकवावे. निकालांचे आकडे भरवशाचे नसतात. आलेली वाक्ये कोणत्या प्रकारच्या संकेतस्थळांवरची आहेत हे पाहावे आणि शेवटी ऑनलाइन शब्दकोशातील उदाहरणाशी ताडून घ्यावे. ही सवय लागायला वेळ जातो, पण माझ्या मते संपूर्ण उपक्रमातील सर्वांत टिकाऊ शिक्षण हेच आहे. दुसरा खर्डा झाल्यावरच मजकूर टंकायला द्यावा.

प्रतिक्रिया लिहिणे हेही शिकवावे लागते, नाहीतर प्रत्येक लेखाखाली ‘नाइस’ आणि ‘व्हेरी गुड’ यांची रांग लागते. प्रत्येक प्रतिक्रियेत लेखातला एक तपशील आणि एक खरा प्रश्न असलाच पाहिजे, असा नियम ठेवावा. प्रश्नाचे उत्तर मूळ गटाने पूर्ण वाक्यात द्यावे. इंग्रजीत प्रश्न विचारायची संधी मुलांना एरवी तासाला क्वचितच मिळते. संगणक कमी असल्यास प्रतिक्रिया चिठ्ठ्यांवर लिहून घ्याव्यात आणि आठवड्यातून एकदा एका गटाने त्या टंकाव्यात.

महिन्याला चार-पाच चांगले लेख पुरेत. शिक्षकांची बदली झाली की असे ब्लॉग बंद पडतात, म्हणून आणखी एका सहकाऱ्याला सुरुवातीपासूनच ‘ॲडमिन’ करून ठेवावे आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी सेटिंग्जमधून सर्व मजकुराची प्रत उतरवून शाळेच्या संगणकात जपावी.