पाठ टेकली की डोकं सुरू होतं? मग हे करून पाहा

दिवसभराच्या रगाड्यात ज्यांची आठवणही येत नाही, त्या गोष्टी दिवा मालवला की एकामागून एक हजर होतात. आईचे रिपोर्ट आणायचे राहिले, फीचा हप्ता भरायचाय, साहेब आज असं का बोलले? यावर घरात मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे 'विचार करू नकोस, गप पड'. तो फुकट जातो. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये प्रयोगातल्या लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा त्यांच्या मनात येत राहिलं. म्हणून विचार हाकलत बसू नका. त्यांना अंथरुणाबाहेर वेळ द्या आणि अंथरुणात मनाला दुसरं, बिनमहत्त्वाचं काम लावा.

१. काळजी संध्याकाळीच उरकून घ्या

झोपायच्या दोनेक तास आधी पंधरा मिनिटं वही घेऊन बसा, पण गादीवर नाही. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे काळजी लिहा, उजवीकडे तिच्याबाबत करायची पुढची एकच गोष्ट: 'रिपोर्ट – शनिवारी लॅबला फोन.' जिथे करण्यासारखं काहीच नाही, तिथे 'माझ्या हातात नाही' एवढंच लिहा. रात्री तोच विचार आला तर 'वहीत आहे, उद्या बघू' म्हणायचं. पहिले काही दिवस हे पोरकट वाटेल. वाटू दे.

२. निजताना उद्याची यादी

ही पाच मिनिटांची. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्यापूर्वी उद्याची कामं लिहिली, बाकीच्यांनी झालेली कामं. उद्याची यादी करणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. कागदावरच लिहा; मोबाइल उघडला की यादी राहते बाजूला आणि ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज वाचले जातात.

३. चहा आणि घड्याळ

शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाच्या चहातलं बरंचसं अकरालाही अंगात असतं. दुपारनंतरचा चहा सोडवत नसेल, तर निदान कप लहान करा. घड्याळाचं तोंड भिंतीकडे. 'आता चारच तास उरले' हा हिशेब झोप घालवतो.

४. आधी अंग सैल करा

चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, ओढाताण नको. मग पायाची बोटं पाचएक सेकंद आवळा आणि एकदम सोडून द्या. तसंच पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, जबडा. दुखरा भाग वगळा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली.

५. अक्षरांचा खेळ

कॅनडातले संशोधक ल्यूक ब्यूडॉइन यांनी सुचवलेली ही युक्ती मला सगळ्यांत आवडते. एक साधा शब्द घ्या, समजा 'मनगट'. आता 'म'वरून सुचतील त्या वस्तू एकेक करून डोळ्यांपुढे आणा: मडकं, मोगरा, मांजर, मुसळ. प्रत्येक चित्र थोडा वेळ बघा आणि सोडा. 'म' संपला की 'न': नारळ, नथ, नांगर. शब्दांचा एकमेकांशी संबंध नसावा, कारण संबंध जुळला की गोष्ट तयार होते आणि गोष्ट जागं ठेवते. 'मॅनेजर' आठवला तर तिथे रेंगाळू नका, सरळ मोगऱ्याकडे वळा. 'ण' आणि 'ळ' असलेले शब्द टाळा, उगाच अडून बसाल. अनेकदा दुसऱ्या अक्षरावरच गाडी घसरते, आणि तेच तर हवं असतं.

६. तरीही झोप नाही? उठा

हे जिवावर येतं, पण चुकवू नका. अंदाजे वीस मिनिटं तळमळण्यात गेली की अंथरूण सोडा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये हा नियम मांडला: तळमळत पडून राहिलं की अंथरुणाची आणि जागरणाची सांगड बसते, ती मोडायची. वेगळी खोली नसेल, सगळं घर एकाच खोलीत झोपत असेल, तर गादीवरून उठून ओट्याजवळ किंवा भिंतीला टेकून बसा. मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घाला, काहीतरी रटाळ वाचा. डोळे जड झाले की परत आडवे व्हा. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ तीच ठेवा आणि दुपारी भरपाईची झोप काढू नका.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल आणि तीन महिने उलटले असतील, तर डॉक्टरांकडे जा. मोठ्यानं घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असेल तर इतकं थांबूच नका. शेजाऱ्यांकडची झोपेची गोळी घेऊ नका. जुनाट निद्रानाशावर 'सीबीटी-आय' ही बोलण्याची आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती गोळ्यांच्या आधी सुचवली जाते, तिच्याबद्दल विचारा. मन सतत खचलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही फोन करता येतो. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: आडवे कधी झालात, अंदाजे झोप कधी लागली, उठलात कधी, चहा किती घेतला.