वाक्प्रचारांतली झाडं आणि नवा अनुवादक

अनुवादाच्या कामात नव्याने येणाऱ्यांची एक मागणी हमखास असते: झाडं, फुलं, फळं यांच्यावरून आलेल्या वाक्प्रचारांची तयार यादी द्या. एका बाजूला इंग्रजी किंवा हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी. अशा याद्या मिळतात, पण मी त्या कुणाला देत नाही. हिंदी आणि इंग्रजीतून मराठीत बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की घात परक्या वाक्प्रचारांनी फारसा होत नाही, ओळखीच्या वाटणाऱ्यांनी होतो. परका वाक्प्रचार समोर आला की आपण थांबतो, शोधतो, कुणाला तरी विचारतो. ओळखीचा आला की हात टाइप करून मोकळे होतात.

पळसाचंच घ्या. मराठीत ‘कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच’, हिंदीत ‘ढाक के तीन पात’. ढाक म्हणजे पळसच. झाड तेच, पानांचा आकडाही तोच. (वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती एकाच संयुक्त पानाची तीन दलं, पण भाषेने डोळ्यांना दिसलं ते घेतलं.) यादीत हे दोन्ही समोरासमोर बसवलेले असतात. आता वापर बघा. मराठी माणूस हे कधी म्हणतो? नोकरी बदलली, तरी नव्या ठिकाणी तेच राजकारण आणि तीच कटकट. जागा बदलते, अनुभव तोच येतो. हिंदीत जागा बदलायची गरजच नसते. तिथे खटपट होते, दिवस जातात आणि शेवटी गाडी मूळ पदावर येते.

समजा, मूळ वाक्य आहे: ‘महीने भर समझाया, पर वही ढाक के तीन पात।’ त्याचं ‘महिनाभर समजावलं, पण पळसाला पानं तीनच’ केलं तर वाचक अडखळतो, कारण या वाक्यात कुणी कुठे गेलेलंच नाही. मी तिथे लिहीन: ‘महिनाभर समजावलं, पण पुन्हा येरे माझ्या मागल्या.’ पळस गेला आणि वाक्य जागेवर बसलं. त्याच हिंदी वाक्यात शिकवण डोक्यात शिरतच नाही असा सूर असेल, तर ‘पालथ्या घड्यावर पाणी’ जास्त जवळचं. यातलं कुठलं घ्यायचं ते आधीची चार वाक्यं आणि नंतरची चार वाक्यं ठरवतात, कोश ठरवत नाही.

म्हणून वाक्प्रचारात वनस्पती दिसली की मी पहिला प्रश्न विचारते: ही इथे काय काम करतेय? तिचा आकार कामाला आलाय, चव, काटे, दुर्मिळपणा की नुसतं नाव? हरभऱ्याच्या झाडावर चढवणे यात सगळी गंमत उंचीत आहे. हरभऱ्याचं रोप फार तर गुडघ्याएवढं. त्यावर चढता येत नाही, आणि चढलोय असं ज्याला वाटतं तो जमिनीवरच उभा असतो. इंग्रजीत त्याला लोणी लावण्याच्या अर्थाचा वाक्प्रचार दिला की स्तुती पोचते, पण स्तुतीला भुललेल्या माणसाची फजिती गळून जाते. कधी कधी तेवढं चालतं. कादंबरीत पुढच्याच पानावर तो माणूस तोंडावर आपटणार असेल, तर चालत नाही. हिंदीत मात्र ‘चने के झाड़ पर चढ़ाना’ बिनधास्त वापरा, तिथे रोपही तेच आणि कामही तेच.

दुसरा प्रश्न सुराचा, आणि यावर नवे लोक फार कमी वेळ देतात. ‘बुडत्याला काडीचा आधार’ आणि इंग्रजीतलं ‘क्लचिंग ॲट स्ट्रॉज’ यांचं मूळ चित्र एकच आहे. इंग्रजीतली जुनी म्हणही बुडणाऱ्या माणसाचीच. पण आज इंग्रजीत हे बोलणारा काठावर उभा असतो आणि काडी टिकणार नाही हे त्याला दिसत असतं. मराठी बोलणारा बहुतेक वेळा बुडणाऱ्याच्या बाजूचा असतो. एवढीशी मदतही त्या क्षणी किती मोठी वाटते, हे त्याला सांगायचं असतं. एखादी बाई म्हणते, ‘शेजारणीने दोन दिवस मुलांना सांभाळलं, बुडत्याला काडीचा आधार.’ यात कृतज्ञता आहे. तेच शब्द उचलून कोर्टातल्या प्रसंगात घातले आणि ‘त्यांचा वकील आता बुडत्याला काडीचा आधार शोधतोय’ असं लिहिलं, की वाचकाला नकळत त्या वकिलाची कणव येते. लेखकाला तर तो वकील केविलवाणे मुद्दे काढतोय एवढंच म्हणायचं होतं. तिथे सरळ लिहावं: ‘त्यांच्या वकिलाकडे आता काही उरलेलं नाही, वाटेल ते मुद्दे काढतोय.’ वाक्प्रचाराला वाक्प्रचारच द्यायला हवा असा नियम कुणी केलेला नाही. अनुवादाच्या अभ्यासक मोना बेकर यांनी 1992 मध्ये वाक्प्रचारांच्या अनुवादाचे मार्ग मांडले, त्यातही सोप्या शब्दांत अर्थ सांगणं हा पूर्ण मान्यतेचा मार्ग आहे.

सूर बदलतो त्याचं आणखी एक उदाहरण पावसाळ्यातलं. चिनी भाषेत पावसानंतर उगवणारे बांबूचे कोंब म्हणजे भराभर होणारी वाढ, आणि ते बहुधा कौतुकाने म्हटलं जातं. रशियनमध्ये त्या जागी पावसानंतरच्या अळंब्या येतात. मराठीत आपण ‘कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले’ म्हणतो तेव्हा नाक मुरडलेलं असतं. नव्या शाळा, नवे कारखाने उभे राहिल्याच्या आनंदाच्या बातमीत ही छत्री उघडली तर बातमीच उलटी होते.

काही वाक्प्रचार सीमा ओलांडताना झाड बदलतात आणि तरी शाबूत राहतात. इसापच्या गोष्टीतला कोल्हा मराठीत आला तो द्राक्षांसकट आणि ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ इथे मुरलंही. तोच कोल्हा स्वीडन आणि फिनलंडमध्ये रोवन नावाच्या झाडाच्या लाल फळांना आंबट म्हणतो. थंड उत्तरेत द्राक्षवेली कुठून आणणार? रोवन मात्र घरादारापाशी, आणि त्याची फळं कच्ची खाल्ली तर खरोखरच आंबट-कडवट. ज्यांनी हा बदल केला त्यांनी फळाचं नाव सोडलं आणि चव धरून ठेवली.

याउलट भोपळा. आपल्याकडे परीक्षेत भोपळा मिळतो आणि क्रिकेटमध्ये तो फोडावा लागतो. गोल आकारावरून शून्य, एवढंच. स्पॅनिशमध्ये भोपळे देणं म्हणजे प्रेमाला नकार देणं, शिवाय परीक्षेत नापास करणं. युक्रेनमध्ये मागणी घालायला आलेल्यांच्या हातात मुलीकडून खरोखरचा भोपळा दिला जाई आणि ते समजायचं ते समजत. स्पॅनिश कथेत ‘तिने त्याला भोपळा दिला’ असं आलं आणि आपण ते तसंच ठेवलं, तर मराठी वाचक गुणपत्रिका शोधत बसेल.

मरणाचे वाक्प्रचार लावताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. इंग्रजीत मेलेला माणूस जमिनीखालून डेझीची फुलं वर ढकलतो, फ्रेंचमध्ये तो डँडेलियन मुळाकडून खातो, जर्मनमध्ये मुळ्याची रोपं खालून बघतो, स्पॅनिशमध्ये मालवा नावाची रोपं वाढवतो. चार भाषा, चार रोपं, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस मातीखाली. मराठीत ‘गोवऱ्या मसणात गेल्या’ म्हणतात. इथे देह जाळायचा असतो, त्यामुळे खालून बघायला रोपंच नाहीत. शिवाय आपल्या वाक्प्रचारातला माणूस अजून जिवंत आहे, म्हातारा झालाय इतकंच. मग त्या थट्टेला मराठीत काय द्यायचं? प्रसंग हलकाफुलका असेल तर ‘त्याचं तिकीट कधीच फाटलं’ किंवा ‘तो कधीच वर गेला’. मात्र पात्र ख्रिस्ती असेल आणि दफनभूमीतच संवाद चालला असेल, तर मी फुलं ठेवते: ‘तो आता खालून फुलांना खत घालतोय.’ समोर थडगी असताना हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यात लांबचा प्रवास उंबराच्या फुलाचा. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, बारीक गांधीलमाश्या आत शिरून परागीभवन करतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला फूल कधी दिसतच नाही. त्यामुळे फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण म्हणतो, ‘काय, उंबराचं फूल झालात की!’ हिंदीत गूलर का फूल आणि बंगालीत डुमुरेर फुल हेच सांगतात. बौद्ध ग्रंथांत क्वचितच घडणाऱ्या गोष्टीला उदुंबराच्या फुलाची उपमा येते. कुमारजीव यांनी इसवी सन 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र चिनी भाषेत आणलं, तेव्हा त्यांनी उदुंबर हे नाव ध्वनीवरून उचललं: हे फूल युगातून एकदाच प्रकटतं. पुढे चिनी माणसांनी नावातला एक तुकडा ठेवला आणि त्याचा चार अक्षरांचा वाक्प्रचार झाला, ‘थान्ह्वा एकदा दिसलं’. आज त्याचा अर्थ दुर्मिळ असा होत नाही, क्षणात आलं आणि गेलं असा होतो. ज्या झाडाला चिनी भाषेत हे नाव चिकटलं, ते रात्री उमलून सकाळी कोमेजणारं निवडुंगाच्या कुळातलं झाड, जे आपल्याकडे कुंडीत ब्रह्मकमळ म्हणून लावतात. त्यामुळे चिनी मजकुरात कुणा गायिकेची कारकीर्द थान्ह्वासारखी होती असं आलं, तर मराठीत उंबराचं फूल नको. तिथे ‘औटघटकेची’ हवी, किंवा ‘अळवावरचं पाणी’.

आता अळवावरचं पाणी वापरतानाही जपून. बंगालीत कोचूच्या म्हणजे अळवाच्याच पानावरचं पाणी आहे आणि तेही न टिकणारं. कमळाच्या पानावर मात्र पाणी आलं की कान टवकारा. गीतेच्या पाचव्या अध्यायातलं ‘पद्मपत्रमिवाम्भसा’ अलिप्ततेबद्दल आहे, आणि तमिळमध्ये कमळाच्या पानावरचं पाणी म्हटलं की नातं असून न गुंतणं समजतात. दोन्ही पानांवर अतिशय बारीक उंचवटे आणि मेणाचा थर असल्याने थेंब पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो. मराठीने आणि बंगालीने थेंबाकडे बघितलं, गीतेने आणि तमिळने पानाकडे. माझ्या मते नव्या अनुवादकाने हे एक उदाहरण नीट पचवलं तर पुढची निम्मी वाट सोपी होते.

जिथे वनस्पतीच नाही तिथे ती बघू नका. इंग्रजीत ‘नवं लीफ उलटणं’ यात लीफ म्हणजे वहीचं पान, झाडाचं नव्हे. ‘नवी पालवी फुटली’ हा अनुवाद छान दिसतो, पण मूळ वाक्यातला माणूस ठरवून सुधारलाय आणि पालवी आपोआप फुटते. ‘निर्मूलन’सारख्या शब्दात मूळ आहे, तसंच ते इंग्रजी ‘इरॅडिकेशन’मध्येही लॅटिनमधून आलंय, पण दोन्हीकडे आता कुणाला रोप दिसत नाही. तिथे अडून बसू नका. उलट कार्यालयीन मजकुरात ‘खाली लटकणारी फळं’ दिसली की लगेच खोडा. ‘आधी सहज होण्यासारखी कामं उरका’ इतकं पुरतं.

परकं झाड ठेवायचं कधी, यावर मतभेद आहेत. माझं मत असं: कथा ज्या मातीतली आहे, तिथलं झाड शक्यतो ठेवावं. स्पॅनिशमध्ये ‘एल्मकडे पेर मागणं’ म्हणजे अशक्य अपेक्षा करणं. पोलिशमध्ये ‘विलोवर पेर’ दाखवतात तेव्हा ते खोटं आश्वासन असतं. एकीकडे मागणारा आहे, दुसरीकडे देतो म्हणणारा. स्पॅनिश खेड्यातल्या आजीच्या तोंडी बाभळीचे आंबे घातले की आजी एका वाक्यात आपला गाव सोडते. एल्म मराठी वाचकाला ठाऊक नाही, हे खरं. पण वाक्य प्रश्नार्थक करून बघा: ‘अगं, एल्मकडे पेर मागून मिळतात का कुठे?’ झाड अनोळखी राहिलं तरी त्याला पेर लागत नाहीत हे प्रश्नच सांगतो. तळटीप लागली नाही. कथेत तळटीप हा माझ्यासाठी अगदी शेवटचा उपाय असतो.

सबटायटलमध्ये गणित निराळं. जागा दोन ओळींची, वेळ दोन-चार सेकंदांचा, आणि पडद्यावर पात्राच्या हातात ते फळ असेल तर शब्दांतून ते घालवता येत नाही. म्हणून चित्र बघितल्याशिवाय नुसत्या संहितेवरून असे संवाद करायला घेऊ नका. व्हिडिओ मागून घ्या.

साधनांबद्दल थोडं. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. दाते-कर्व्यांनी वाक्संप्रदायांचा वेगळा कोशही केला, तो जुन्या ग्रंथालयांत बघायला मिळतो. कोशात अर्थ मिळतो. कोण कुणाला कधी म्हणतं, ते मात्र बोलणाऱ्यांकडूनच कळतं. मी वहीत प्रत्येक वाक्प्रचारापुढे तीन गोष्टी लिहिते: वनस्पतीचा कुठला गुण वापरलाय, बोलणाऱ्याचा सूर कसा आहे, आणि प्रत्यक्ष कानावर पडलेलं एक वाक्य. मराठी प्रतिशब्द मी तिथे लिहीतच नाही, कारण तो दर वेळी वेगळा येतो. संपादकाकडे मजकूर पाठवताना जिथे झाड बदललंय किंवा काढलंय तिथे समासात एका ओळीत कारण द्या. नाहीतर मूळ मजकूर शेजारी ठेवून तपासणारा माणूस ते राहून गेलं असं समजतो आणि पळस परत आणून बसवतो.