श्वसनाच्या विषाणूंचा अभ्यास करताय? या चुका टाळा

तालुक्याहून नमुना येतो, अहवाल निगेटिव्ह जातो आणि लगेच फोन येतो, "काऊन बा, पेशंटला तर धाप लागून होती!" मग खापर फुटतं मशीनवर. पण मेळघाट, गडचिरोली किंवा यवतमाळच्या आतल्या गावांतून येणाऱ्या नमुन्यांचा घोळ बहुतेकदा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो. सर्वेक्षणाला जाणारे टेक्निशियन आणि एम.एस्सी.चा प्रकल्प करणारी पोरं, दोघांनीही हे वाचावं.

पहिली चूक, नाकपुडीच्या तोंडाशीच नमुन्याची काडी (स्वॅब) फिरवायची. काडी वरच्या दिशेने न जाता टाळूला समांतर आत गेली पाहिजे, अडेपर्यंत. तिथे काही सेकंद फिरवा, मग काढा. पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलंच नाही तर काडी पुरेशी आत गेली नसण्याचीच शक्यता जास्त. लाकडी दांडीची कापसाची काडी वापरू नका, ती पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचं जनुक शोधणाऱ्या चाचणीत, अडथळा आणते. डॅक्रॉन किंवा नायलॉनची घ्या.

काडी नीट गेली तरी नाक म्हणजे फुफ्फुस नव्हे. माणसांत नेहमी फिरणारा फ्लू पेशींच्या पृष्ठभागावरच्या सायलिक ॲसिड नावाच्या साखरेच्या ज्या रचनेला चिकटतो, ती नाक-घशात भरपूर असते. बर्ड फ्लूच्या एच५एन१ला हवी असलेली रचना माणसात मुख्यतः खोल, वायुकोशांच्या पेशींवर सापडते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले, म्हणजे हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. परसातल्या कोंबड्या मेल्या आणि घरातल्या कुणाला न्यूमोनिया झाला, तर नाकाच्या एका निगेटिव्ह अहवालावर थांबू नका. खालच्या श्वसनमार्गाचा नमुना मागा.

आता बर्फ. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि नमुन्याचा डबा जीपच्या बॉनेटजवळ ठेवलेला असतो! २ ते ८ अंशांत ७२ तासांच्या आत पोचवा. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० लागतं. "फ्रीजरमध्ये ठेवला होता" हे ऐकलं की धडकी भरते, कारण घरगुती फ्रीजरात लोडशेडिंगमुळे नमुना गोठतो, वितळतो, परत गोठतो. आरएसव्हीसारखा (लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा) नाजूक विषाणू त्यात टिकत नाही. काडी ज्या गुलाबी द्रवात (माध्यमात) ठेवतात तो पिवळा पडलेला दिसला तर त्यात बहुधा जिवाणू वाढलेत, विषाणू वाढवायच्या पेशी त्यावर वाया घालवू नका. आणि लेबल पाण्याने न पुसणाऱ्या मार्करनेच लिहा. वितळलेल्या बर्फात तरंगणाऱ्या कोऱ्या नळ्यांचं कुणी काय करायचं?

पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू जिवंत, हा समज तर सर्रास. पीसीआरला जनुकाचा तुकडा पुरतो. विषाणू जिवंत आहे का, हे प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवूनच कळतं, आणि ते काम कॉलेजच्या लॅबमध्ये करायचं नाही. योग्य जैवसुरक्षेची प्रयोगशाळा गाठा.

तिथे पोचल्यावर सगळ्यात महागात पडते ती पेशींची निवड. व्हेरो पेशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या, १९६२ साली जपानमध्ये तयार झालेल्या. विषाणू त्यांत जोमाने वाढतो म्हणून सगळे त्याच वापरतात. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधाने व्हेरोत कोरोना थोपवला आणि जगभर गवगवा झाला. माणसाच्या फुफ्फुसातून आलेल्या कॅलू-३ पेशींत मात्र त्याचा प्रभाव पडला नाही. व्हेरोत विषाणू मागच्या दाराने, पेशीच्या आतल्या आम्लयुक्त पिशव्यांतून शिरतो आणि औषध तेच दार लावतं. फुफ्फुसाच्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ नावाचं विकर असतं, त्यामुळे विषाणू थेट पुढच्या दारातून आत येतो. ए५४९ पेशी फुफ्फुसाच्याच, पण कोरोना पेशीला ज्याच्यावर चिकटतो ते एसीई२ त्यांत फार कमी. तिथे कोरोना वाढला नाही तर विषाणूच्या स्टॉकला (साठ्याला) दोष देऊ नका. आणि फ्लू वाढीच्या पहिल्या फेरीनंतर अडला तर ट्रिप्सिन (नव्या विषाणूला संसर्गक्षम करणारं विकर) घातलंय का ते पाहा. घातलं असेल तर पेशी वाढवताना वापरलेलं सीरम (रक्तद्रव) नीट धुतलं का ते तपासा, कारण सीरम ट्रिप्सिनला निकामी करतं.

शस्त्रक्रियेतून फुफ्फुसाचा तुकडा मिळणार असेल तर आधी ऑपरेशन थिएटरमध्ये बोलून ठेवा. तिथे सवयीने तो फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, आणि मग तो फक्त स्लाइडच्या कामाचा उरतो. संसर्गाचा प्रयोग करायचा तर थंड पोषक माध्यमात, तासाभराचाही वेळ न दवडता आणा. कॅन्सरच्या गाठीलगतचा तुकडा 'निरोगी' समजू नका. आपल्याकडच्या पेशंटच्या फुफ्फुसात चुलीचा धूर, विडी, जुना टीबी यांच्या खुणा सापडतात, म्हणून ही माहिती नोंदवून घ्या. संमतीपत्र पेशंटला कळेल असं हवं. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या माणसाचा इंग्रजी कागदावर घेतलेला अंगठा ही संमती नव्हे.

आणि शून्य तासाचा नमुना. विषाणू टाकून, धुऊन झाल्या झाल्या तो काढून ठेवा. नाहीतर २४ तासांनी जे मोजाल, त्यात वाढलेला किती आणि तुम्हीच ओतलेला किती, हे सांगता येणार नाही.