वेल्डिंगशिवाय प्रेस सुधारताय? या चुका टाळा

इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात खालच्या खोलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. डोक्यावर लाकडी पाटण, त्यामुळे ठिणगी उडवायची सोय नाही. जे काय करायचं ते ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि नट-बोल्टवर. बेअरिंगसारखे घट्ट बसलेले भाग दाबून काढायची माझी प्रेस म्हणजे लोखंडी चौकट आणि तिच्यात बारा टनी बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक जॅक). ती मी अशीच उंच करून घेतली. पहिलंच घट्ट बसलेलं बेअरिंग काढताना ‘टक्क’ असा आवाज झाला. बघतो तर वरच्या आडव्या चॅनेलचे (पन्हळीसारख्या लोखंडी तुळईचे) बोल्ट चक्क वाकलेले.

चूक माझीच. दुकानदार म्हणाला, “हाई टेंसाइल है भैया,” आणि मी बोल्टच्या डोक्याकडे पाहिलंच नाही. खऱ्या हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या, बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेला असतो. साधा 4.6 ग्रेडचा 12 मिमी बोल्ट आट्यांवर कातरला गेला, तर दोनेक टनांतच तुटतो. असे चार म्हणजे आठ टन, आणि जॅक बारा टनी! 8.8 चे चार घेतले तरी सोळाच टन होतात, म्हणजे हाताशी फारसं काही उरत नाही. मी आता 16 मिमीचे 8.8 वापरतो, तेही अर्ध्या आट्यांचे. बोल्टचा गुळगुळीत भाग दोन चॅनेलच्या सांध्यावर आला पाहिजे. सांध्यावर आटे आले की तिथलं लोखंड पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी भरतं.

दुसरी चूक भोकाच्या जागेची. खालच्या आडव्या चॅनेलच्या मधोमध, खालच्या फ्लँजला (कडेच्या आडव्या पट्टीला) भोक पाडू नका. दाब आला की सगळ्यात जास्त ताण तिथेच बसतो. गेज किंवा स्टॉपर लावायचा असेल तर उभ्या पट्टीच्या मध्यावर भोक पाडा, नाहीतर सरळ क्लॅम्प वापरा. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी लोखंड ठेवा. दुप्पट असेल तर उत्तम. दोन्ही तुकडे एकत्र आवळून एकदमच ड्रिल करा. वेगवेगळे पाडले की भोकं जुळत नाहीत, मग माणूस कानस घेतो, भोकं ढिली होतात आणि फ्रेम डुलायला लागते.

टॅप मारताना 10 मिमीसाठी 8.5 चं ड्रिल, 12 साठी 10.2. बिडात भोक कोरडंच पाडलं तरी चालतं, पण आटे बोल्टच्या जाडीच्या दीडपट खोल हवेत. प्रेसखाली आधाराला मात्र बिडाचा तुकडा कधीच ठेवू नका. तो वाकत नाही, फुटून उडतो.

जागा वाचवायला जॅक उलटा टांगण्याचा मोह मलाही झाला होता. साधा बॉटल जॅक उलटा केला की पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि दांडा हलतच नाही. जॅक उभाच ठेवा, परतीला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगा लावा.

नट आवळून झाले की नट आणि चॅनेल दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला; आधी जॅकचा दाब सोडा, मगच पाना घ्या.