म्हातारा घोडा वाळतोय? या चुका टाळा

सोलापुरात लग्नसराई संपली आणि घोडीच्या अंगावरची झूल उतरली की खालच्या बरगड्या दिसतात. मालक म्हणतो, "वय झालं, वाळणारच." पहिली चूक हीच. वीस-बावीस वर्षांचं जनावर नुसत्या वयानं वाळत नाही. पुष्कळदा त्याला चावताच येत नसतं.

आमच्या शेजारच्या तबेल्यात चोवीस वर्षांची घोडी आहे. तिच्या गव्हाणीखाली कडब्याचे ओले बोळे पडायचे, अंगठ्याएवढे जाड, पिळून टाकल्यासारखे. चावता न आल्यानं तिनं तोंडातून टाकलेला तो चोथा रोज झाडून केरात जायचा. लिदीत अख्खे हरभरे आणि लांब काड्या. मालकानं काय केलं, तर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवली! न चावलेलं अंगी लागत नाही, उलट पोटशूळाची भीती वाढते.

घोड्याचा दात वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर हिरडीबाहेर सरकतो आणि चारा चावताना तेवढाच झिजतो. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, म्हणून वरच्या दाढांना गालाच्या बाजूनं आणि खालच्यांना जिभेच्या बाजूनं धार येते. गाल सोलतो, जीभ कापते. म्हातारपणी हिरडीच्या आतला दाताचा साठाच संपतो. मग दाढ गुळगुळीत होते, हलते, फटीत चारा कुजतो.

ओठ वर करून पुढचे दात बघितले म्हणजे तोंड तपासलं असं होत नाही. अकलूजच्या घोडेबाजारात तेवढ्यावर वयाचा अंदाज बांधतात, ते ठीक. पण 24 दाढा पार मागे असतात. तोंड उघडं धरणारं साधन आणि बॅटरी असल्याशिवाय त्या नीट दिसत नाहीत. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर सर्दीचं औषध देत बसू नका, वरच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो.

कुणाकडूनही दाढांवर कानस मारून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. म्हाताऱ्या दाढेत घासायला फारसं उरलेलंच नसतं. जास्त घासली तर आहे तेवढंही चावणं जातं. पशुवैद्यांनी गुंगीचं औषध देऊन, टोचणाऱ्या कडाच तेवढ्या घासाव्यात. तपासणी दर सहा महिन्यांनी.

मालदांडी ज्वारीचा कडबा कितीही गोड असो, दाढा गेलेल्या घोड्याला लांब कडबा नको. बारीक कुट्टी आणि चिरलेला लसूणघास, दोन्ही पाण्यात मऊ करून द्या. हरभरा भरडून भिजवा. नुसत्या कोंड्यावर ठेवू नका, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. आणि एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात भिजवलेलं लवकर आंबतं, म्हणून थोडं थोडं भिजवा, उरलेलं फेका.

घास अडकला तर घोडा मान ताणतो, नाकातून लाळ आणि चारा येतो. अशा वेळी घशात तेल किंवा पाणी ओतणं ही सगळ्यात घातक चूक, ते फुप्फुसात उतरतं. चारा-पाणी काढून घ्या, डोकं खाली राहू द्या, डॉक्टरांना लगेच बोलवा.

त्या घोडीची एक हलती दाढ काढली, धारदार कडा घासल्या. आता केर काढण्याआधी मालक रोज गव्हाणीखाली वाकून बघतो.