खान्देशातून जर्मनीत आलात? पहिल्या हिवाळ्यात भिंती सांभाळा

दरवर्षी ऑक्टोबरात जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची नवीन पोरं इथे येतात आणि नोव्हेंबर संपता संपता मला फोटो यायला लागतात, बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके आणि खाली "दादा हे काय आहे, पुसलं तरी परत येतंय". ती बुरशी असते. मी चोपड्याचा, 2011 पासून स्टुटगार्टजवळ राहतोय, तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपली गडबड सवयीची आहे. मे महिन्यात 44-45 डिग्रीत सकाळी दहाच्या आत सगळ्या खिडक्या लावून पडदे ओढायचे आणि थंडीत माय ओरडायची, "खिडकी लाव, वारा लागी जाई". तिकडे ते बरोबरच होतं. आपली थंडी कोरडी, गच्चीवर टाकलेले कपडे दुपारपर्यंत कडक वाळतात, पावसाळा सोडला तर भिंतीला ओल कशी येते ते आपण बघितलेलंच नसतं. इथे घर असं घट्ट बंद होतं की आतली वाफ बाहेर जायला जागाच नाही. चार माणसांचं घर श्वास, अंघोळ, स्वयंपाक, कपडे मिळून दिवसाला साधारण 10 लिटर पाणी हवेत सोडतं, बादलीभर! खोलीत 20 डिग्री आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर 12 डिग्रीच्या भिंतीवर त्याचं पाणी होतं, आणि बुरशीला तर तेवढंही लागत नाही, भिंत नुसती दमट राहिली तरी पुरतं. बाहेरच्या बाजूच्या भिंतीचा कोपरा, कपाटाची पाठ, खिडकीची चौकट, ती पहिली तिथेच धरते.

आता माझी अक्कल ऐका. 2011-12 च्या हिवाळ्यात आम्ही जुनं कपाट फुकटात मिळालं म्हणून खूश होऊन उत्तरेच्या भिंतीला चिकटवून ठेवलं, बेडरूमचा हीटर बंद ("झोपायलाच तर जायचं, पांघरूण आहे ना"), दार उघडं म्हणजे किचनची गरम हवा आपोआप येईल, आणि त्याच खोलीत स्टँडवर रोज बाळाचे कपडे वाळत. एकाच खोलीत चार चुका! किचनची वाफ थंड बेडरूममध्ये जाऊन भिंतीवर बसत होती आणि मी महिन्याला पंधरा-वीस युरो वाचवतोय म्हणून खूश. बाळाचा खोकला जानेवारीपासून जाईना. मार्चमध्ये कपाट हलवलं तर मागची भिंत माणसाच्या उंचीएवढी काळी, बायकोच्या लग्नाच्या शालूवर पांढरट बुरशी आणि वास असा की अजून आठवतो. त्यात शहाणपणा म्हणून मी घरमालकाला न सांगता वरून पांढरा रंग मारला. घर सोडताना त्याने बोटाने खरवडून दाखवलं आणि डिपॉझिटमधले साडेअकराशे युरो कापले. आधी लेखी कळवलं असतं तर निदान भांडायला तोंड राहिलं असतं. त्यामुळे ठिपका दिसला की त्याच दिवशी फोटो आणि ईमेल, आणि रंग मारायचा नाही. नाहीच मारायचा.

मग करायचं काय, तर श्टोसल्युफ्टन. नाव अवघड, काम सोपं. खिडकी पूर्ण, सताड उघडायची, समोरासमोरच्या दोन उघडल्या तर उत्तमच, पाच ते दहा मिनिटं, आणि परत लावायची. सकाळी उठल्यावर, ऑफिसातून आल्यावर, झोपायच्या आधी, शिवाय अंघोळ आणि स्वयंपाक झाला की लगेच. तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी वरून थोडी तिरकी उघडून दिवसभर तशीच ठेवायची नाही, त्याने हवा बदलत नाही, नुसती खिडकीजवळची भिंत गार पडते आणि बिल वाढतं. यावर हमखास प्रश्न येतो की बाहेर धुकं आहे, मग ओल आतच येईल ना? नाही येत भो. शून्य डिग्रीच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त 5 ग्रॅम पाणी मावतं, 20 डिग्रीच्या हवेत 17, म्हणजे बाहेरची गार हवा आत येऊन तापली की कोरडीच होते आणि घरातली वाफ पिऊन घेते. दहा-पंधरा युरोचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र आणा, आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या मध्ये ठेवा. उगाच ह्युमिडिफायर (हवेत ओल सोडणारं यंत्र) आणू नका, आमच्यातल्या एकाने आणला आणि महिन्याभरात त्याच्याकडे बुरशी.

हीटरच्या फिरवायच्या बटणावरचा 3 म्हणजे साधारण 20 डिग्री, 2 म्हणजे 16. पाचवर फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. बेडरूम 17-18 डिग्रीवर ठेवा पण पूर्ण बंद नको, आणि मधलं दार लावून घ्या. आपल्या लोकांत एक जमात आहे जी हिवाळाभर जॅकेट घालून घरात बसते आणि नवीन पोरांनाही तेच शिकवते, त्यांचं ऐकू नका. महिना चार हजार युरो कमावणारा माणूस गॅसचे वीस युरो वाचवतो आणि वर जर्मन कसे वेडे, थंडीत खिडक्या उघडतात म्हणून हसतो. मी पण हसायचो.

कपाट भिंतीपासून वीतभर नाही तर निदान चार बोटं तरी पुढे. बाहेरच्या भिंतीला ठेवूच नका, सगळ्यात बरं.

स्वयंपाकाचं सांगतो. डिसेंबरात आपल्याला भरीत पाहिजेच. इथे आसोद्याची वांगी नाहीत आणि पऱ्हाटीची धगही नाही, तरी ओव्हनमध्ये भाजून, कळण्याची भाकरी करून दोन खोल्यांत बारा माणसं बसवतो आपण. बसवा की, पण रात्री काचेवरून पाणी ओघळताना दिसेल ते तसंच सोडून झोपू नका, फडक्याने पुसा आणि खिडक्या उघडा. भाड्याच्या बऱ्याच घरांत चुलीवरचा पंखा हवा गाळून परत घरातच सोडतो, म्हणजे तेल अडकतं पण वाफ जात नाही, तेव्हा तो चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. धुराचा अलार्म काढून ठेवायचा नाही, फोडणी करताना किचनचं दार लावा.

बुरशी थोडीच असेल, अर्ध्या चौरस मीटरच्या आत, तर हातमोजे आणि मास्क घालून 70-80 टक्क्यांच्या अल्कोहोलने पुसा, खिडकी उघडी ठेवून आणि जवळ मेणबत्ती-सिगरेट काही नको. व्हिनेगर भिंतीवर मारू नका, प्लास्टरमधला चुना त्याचं काही चालू देत नाही. नळावरच्या पांढऱ्या थराला मात्र ते एक नंबर, फक्त क्लोरीनच्या क्लीनरबरोबर कधीच नाही, विषारी वायू होतो. बुरशी अर्ध्या चौरस मीटरपेक्षा जास्त पसरली असेल तर घरमालक आणि मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरूंची संघटना.

आमच्या श्वाबेन भागात आलात तर केअरवोखे हा प्रकार आहे, आठवडा आला की जिना तुम्ही झाडायचा-पुसायचा. दारावर पाटी लटकते, टाळू नका, शेजारीण बोलत नाही पण विसरतही नाही. बर्फ काढायची पाळीही तुमच्यावर आहे का ते करारात बघून घ्या. आणि बूट दाराबाहेर, रस्त्यावरची खडी आणि मीठ लाकडी फरशी खराब करतं.

डिसेंबरात चार आठवडे घरी जाणारे हीटर पूर्ण बंद करून जातात, ते करू नका. सगळे दोनवर ठेवा, बाथरूम कोरडी पुसा, फ्रिज बंद करत असाल तर दार उघडं ठेवा. शेजारणीला किल्ली देऊन आठवड्यातून दोनदा खिडक्या उघडायला सांगा आणि येताना तिच्यासाठी केळीचे वेफर्स आणा, आमची तर आता नोव्हेंबरातच विचारते की यंदा कधी जाताय.